विद्यापीठाची आयटी सेवा: परीक्षा कक्षाच्या टेबलावरून

पोर्टल उघडलं की वर कुलगुरूंचा संदेश सरकत असतो आणि खाली रंगीत चौकोनांची रांग लागते. त्यावरून सेवेचा अंदाज येत नाही. तो येतो सकाळी साडेनऊला, कळवा-ऐरोलीकडच्या एखाद्या कॉलेजच्या परीक्षा कक्षात. दार आतून बंद, केंद्रप्रमुखांचा सोडून बाकी सगळे मोबाइल बाहेर टोपलीत, आणि दोन जण स्क्रीनवर डोळे लावून प्रश्नपत्रिकेची वाट बघताहेत. हे परीक्षण त्या टेबलावरून केलेलं आहे. विद्यापीठ मोठं आहे, सार्वजनिक आहे, शेकडो संलग्न कॉलेजांचं आहे. नाव देत नाही. यातले बरेच गुणदोष राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाला चिकटवता येतील.

आधी जे खरंच चांगलं चालतं ते. प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची व्यवस्था या विद्यापीठाने नीट बसवली आहे. पेपर साडेदहाचा असेल तर फाइल साडेनऊला खुली होते, त्याआधी नाही. केंद्रप्रमुखांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, फाइल उतरते आणि प्रत्येक पानावर केंद्राचा क्रमांक फिकट अक्षरांत छापलेला असतो. उद्या व्हॉट्सॲपवर फोटो फिरला तर तो कुठल्या केंद्रातून निघाला, हे पान बघून कळतं. फाइल कोणी, किती वाजता, कुठल्या आयपीवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) उतरवली याची नोंदही राहते. सीलबंद पाकिटं टेम्पोने सिंधुदुर्गापर्यंत पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मात्र विद्यापीठाचं काम फाइल उतरली की संपतं आणि कॉलेजचं तिथून सुरू होतं. हिशेब करून बघा. ४८० विद्यार्थी, चार पानी पेपर, म्हणजे पाठपोट दोन कागद. एकूण ९६० कागद, १,९२० बाजू. मिनिटाला ४० बाजू काढणारं एक लेझर मशीन याला ४८ मिनिटं घेईल, तेही एकदाही कागद न अडकता. उरलेल्या बारा मिनिटांत ब्लॉकनिहाय, म्हणजे परीक्षेच्या खोलीनुसार, मोजणी, पाकिटं, सह्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत धावाधाव. म्हणजे दोन मशीन हवीतच, किंवा एक लेझर आणि एक रिसो, म्हणजे शाईने झपाट्याने प्रती काढणारं मशीन. रिसो मिनिटाला शंभरच्या वर प्रती काढतो, पण पहिल्या बाजूची शाई वाळायच्या आत दुसरी बाजू घातली की अक्षरं पुसटतात. पावसाळ्यात खाडीलगतच्या कॉलेजात हे हमखास होतं. कागदही दमट होऊन दोन-दोन एकदम ओढला जातो. रिम आदल्या संध्याकाळी फोडून ठेवू नका, सकाळी मशीनला लावतानाच फोडा. आणि लेझर प्रिंटर संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर जोडू नका. आतला हीटर तापताना एकदम एवढी वीज खेचतो की यूपीएस बसतो आणि त्याच्याबरोबर संगणकही.

इंटरनेटचं दुखणं वेगळं आहे. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या की आपण सुरक्षित, असा कॉलेजांचा समज असतो. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात जेसीबीचा एक फटका बसला की दोन्ही एकदम जातात, कारण दोन्ही केबल एकाच चरातून आलेल्या असतात. दुसरी जोडणी हवेतली हवी, ५जी डोंगलची. इथे विद्यापीठाची एक गोची आहे. पेपरची फाइल फक्त नोंदवलेल्या आयपीवरूनच उतरते, आणि डोंगलला प्रत्येक वेळी नवा आयपी मिळतो. म्हणजे आपत्काळासाठी घेतलेलं साधन नेमकं आपत्काळात नापास. यावर उपाय आहे, पर्यायी लॉगिनचा. केंद्रप्रमुख आणि उपप्रमुख अशा दोघांचे ओटीपी दिले तर कुठल्याही आयपीवरून फाइल उतरते. पण तो परीक्षेआधी अर्ज करून चालू करून घ्यावा लागतो, आणि ही गोष्ट परिपत्रकाच्या नवव्या पानावर आहे. पहिल्या पानावर असायला हवी होती.

ओटीपी न येणं ही तर रोजची रड. ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून सगळे बसून राहतात, पण बऱ्याचदा दोष सर्व्हरचा नसतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार अशा एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो आणि पाठवलेला संदेश त्या नमुन्याशी जुळावा लागतो. विद्यापीठातल्या कोणीतरी हौसेने मजकुरात ‘प्रिय’च्या जागी ‘माननीय’ घातलं की मोबाइल कंपनी संदेश वाटेतच टाकून देते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र ‘सेंट’ दिसतं. या विद्यापीठाने यंदा ॲपमधला ओटीपी हा दुसरा मार्ग दिला, ते योग्य केलं. केंद्रप्रमुखांनी ते ॲप आदल्या दिवशीच चालू करून बघावं.

परीक्षा फॉर्मच्या फीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण एक गैरसमज दूर करायला हवा. यूपीआयने पैसे गेले, फॉर्मवर ‘पेंडिंग’ राहिलं, तर विद्यार्थी दोन गोष्टी करतो: पुन्हा पैसे भरतो, नाहीतर परत येण्याची वाट बघत बसतो. दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्याकडे पुष्टी न पोचलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटावा लागतो, आणि न उलटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण इथे बऱ्याचदा बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. पैसे विद्यापीठाच्या खात्यात पडलेले असतात, फक्त गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेकडून, पोर्टलला येणारा निरोप हरवलेला असतो. असे पैसे आपोआप परत येत नाहीत. फॉर्मच्या पानावर खाली ‘स्थिती तपासा’ असं बारीक अक्षरात बटण आहे, ते दाबलं की पोर्टल गेटवेला पुन्हा विचारतं आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत पावती निघते. नाहीच निघाली तर यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक घेऊन तक्रार टाका. नुसत्या स्क्रीनशॉटवर लेखा विभाग काही शोधू शकत नाही.

आता खरं दुखणं: नावं.

एका विद्यार्थिनीची या विद्यापीठात निदान चार नावं असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, प्रवेशाच्या पोर्टलवर कॅफेवाल्याने टाइप केलेलं, आणि पदवीवर देवनागरीतलं. त्यात आईच्या नावाचा रकाना एका पद्धतीत आहे, दुसरीत नाही. बारा आकडी अपार किंवा एबीसी क्रमांक (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या श्रेयांकांच्या, खात्याचा क्रमांक) जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवून पाहिलं जातं. ‘स्नेहल प्रकाश पाटील’ आणि ‘पाटील स्नेहल प्रकाश’ या यंत्राच्या लेखी दोन बाया आहेत. जुळणी फसते, क्रेडिट खात्यात पडत नाहीत, आणि हे उघड कधी होतं? विद्यार्थिनी दुसऱ्या विद्यापीठात जाऊ बघते तेव्हा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी क्रेडिट जमा करून ती दुसरीकडे वापरायची सोय केली, पण सोय नावाच्या स्पेलिंगवर येऊन अडते.

देवनागरीत प्रकरण आणखी गमतीचं होतं. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. कॉलेजने एका पद्धतीने भरलेलं नाव विद्यापीठात दुसऱ्या पद्धतीने शोधलं की ‘नोंद आढळली नाही’. त्याहून वाईट म्हणजे या पोर्टलचा फॉर्म सुरक्षेच्या नावाखाली अदृश्य चिन्हं गाळतो. मग दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या कुऱ्हाडेचा ‘कुर्हाडे’ होतो, रफार ‘हा’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि तसाच पदवीच्या जाड कागदावर छापला जातो. बऱ्हाटे, तऱ्हाळे सगळ्यांची हीच गत. दुरुस्ती दोन ओळींची आहे: नाव साठवताना सगळ्यांचं एकाच पद्धतीत रूपांतर करायचं आणि शोधतानाही तेच करायचं. ती होत नाही, कारण ‘नाव’ या गोष्टीचा मालक कोणी नाही. प्रवेश विभागाचा डेटा वेगळा, परीक्षा विभागाचा वेगळा, पदवी विभागात जुन्या फाँटमधली तिसरीच फाइल. प्रत्येक विभागाने आपापल्या काळात आपापलं कंत्राट दिलं. विद्यार्थ्यापुरता उपाय एवढाच: पदवीच्या अर्जात नाव कॉपी-पेस्ट करू नका, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर ‘ऱ’ स्वतंत्र अक्षराने टाइप करा आणि जतन झाल्यावर पान पुन्हा उघडून डोळ्यांनी वाचा.

तपासणी. ऑनस्क्रीन तपासणीचं नाव काढलं की या पट्ट्यातल्या प्राध्यापकांना २०१७ आठवतं. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकाच हंगामात पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्याच वर्षी १ मार्चपासून लागू झालेल्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकालाला ३० दिवस, फार तर ४५ दिवस, अशी मुदत आहे. तंत्र वाईट नव्हतं, एका दमात सगळं करणं वाईट होतं. आपल्या परीक्षणातलं विद्यापीठ शाखा टप्प्याटप्प्याने घेतं, हे शहाणपणाचं आहे. तरी पुरवणीचा घोळ उरतोच. उत्तरपत्रिकेची कड कापून पानं स्कॅनरमध्ये घालतात, तेव्हा दोऱ्याने बांधलेली पुरवणी सुटी होते. तिच्यावरचा बारकोड मुख्य उत्तरपत्रिकेशी जोडलेला नसेल तर ती अनाथ. जोडणी वर्गातच व्हायला हवी: पर्यवेक्षकाने पुरवणी देताना तिचा क्रमांक मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर लिहायचा आणि हजेरीपटावर पुरवण्यांची संख्या. ज्या केंद्रांवर हा आकडा भरला जातो तिथे कॅप सेंटरवरच, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावरच, तफावत पकडली जाते. जिथे रकाना कोरा, तिथे विद्यार्थी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरेपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

आता धोरणाबद्दल, कारण वरचं सगळं तिथूनच येतं. कायद्याने विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ दिलेलं आहे. या विद्यापीठात ते बसतं, ठराव करतं. पण परीक्षेचा कंत्राटदार परीक्षा विभागाचं ऐकतो, प्रवेशाचा प्रवेश विभागाचं, आणि आयटी प्रमुखाकडे उरतं वायफाय नि वेबसाइट. कंत्राटाच्या अटी वाचल्या की गंमत कळते. ‘महिन्याला ९९.५ टक्के सेवा चालू’ ही अट भारदस्त वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला रात्री आठ ते साडेअकरा पोर्टल झोपलं तरी कंत्राटदाराने अट पाळली, दंड शून्य. अट लिहायची ती दिवस नेमून: फॉर्मचे शेवटचे तीन दिवस, निकालाचा दिवस, पेपर उतरायचा तास, यांचा हिशेब वेगळा आणि दंडही वेगळा. निकालाच्या दिवशी तर चालत्या डेटाबेसला हातच लावू नये. निकालाची पानं आधीच तयार करून साध्या फाइली म्हणून ठेवावीत, गुणपत्रिका डिजिलॉकरला द्याव्यात, म्हणजे लाखभर मुलांनी एकदम बटण दाबलं तरी बिघडत नाही. यंदा हिवाळी निकालाला हे केलं गेलं आणि पानं झटक्यात उघडत होती. फॉर्मच्या वेळी केलं नाही, तिथे रडगाणं तेच.

आणखी एक अट कंत्राटात सापडत नाही: कंत्राट संपल्यावर डेटा कुठल्या स्वरूपात परत द्यायचा. ‘डेटा विद्यापीठाच्या मालकीचा राहील’ एवढंच वाक्य आहे. मालकी कागदावर राहते आणि हातात पडतात हजारो पीडीएफ. रकान्यांच्या यादीसह, सगळा इतिहास, दर सहा महिन्यांनी एकदा प्रत्यक्ष दुसऱ्या सर्व्हरवर भरून दाखवायचा, असं लिहून घेतलेलं नसेल तर विक्रेता बदलताना जुन्या एटीकेटीवाल्यांचे (मागचे विषय राहिलेल्यांचे) निकाल ‘राखीव’ पडतात. कारण पहिल्या सत्राचे गुण नव्या यंत्रात आलेलेच नसतात.

हेल्पडेस्क सोमवार ते शुक्रवार दहा ते साडेपाच. तिकीट क्रमांक लगेच मिळतो, उत्तर साधारण तिसऱ्या दिवशी, आणि ‘आपली समस्या सोडवली आहे’ असा संदेश कधीकधी समस्या न वाचताच. पुन्हा उघडायला सात दिवस मिळतात, त्यानंतर नवं तिकीट. तक्रारीत सोळा आकडी पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), परीक्षेचं सत्र आणि पडद्यावरचा चुकीचा संदेश अक्षरशः टाइप करून दिला तर काम एका फेरीत होतं. ‘फॉर्म भरता येत नाही’ एवढंच लिहिलं तर तीन दिवस ‘कृपया तपशील द्या’ यात जातात आणि पनवेलचा मुलगा दोन गाड्या बदलून मुख्यालयाच्या खिडकीवर उभा राहतो. शनिवारी हेल्पडेस्क बंद असतो. वेळापत्रकात शनिवारचे पेपर आहेत.