जुनी डिझेल स्विफ्ट: रिमॅप करायचा की गेलेली ताकद परत आणायची?

आमच्या घरात एकाच इंजिनाच्या दोन गाड्या आहेत. माझी २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय आणि दादाची, म्हणजे चुलतभावाची, त्याच वर्षीची रिट्झ. दोन्हींत फियाटचं तेच १२४८ सीसीचं मल्टिजेट, ७५ पीएस ताकद आणि १९० एनएम टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणायला लागले. दोन्ही गाड्या दीड लाख किलोमीटरला टेकल्या तेव्हा आमची तक्रारही एकच होती: पिकअप मेला. कसारा घाट चढताना ट्रकच्या मागे अडकलं की तिसऱ्या गिअरवर गाडी नुसती गुरगुरायची.

दादाने सरळ रिमॅप केला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घेतले. मी जवळपास तेवढेच पैसे गाडी पहिल्यासारखी करण्यात घातले. त्याला दोन वर्षं झाली. तुमच्याकडे अशीच घरची जुनी गाडी असेल आणि डोक्यात तोच किडा वळवळत असेल, तर आमच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघा.

घाटाला खरी किती ताकद लागते?

हा हिशेब मी आधी केला असता तर बरंच डोकं वाचलं असतं. पाच माणसं आणि सामान धरून गाडी साधारण १५०० किलो. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरा आणि वेग ताशी ६० किलोमीटर. नुसतं वर चढायला १७ पीएसच्या आसपास लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध मिळवला तरी आकडा २३-२४ च्या पुढे जात नाही. म्हणजे ७५ पीएसची गाडी घाट चढायला अजिबात कमी पडत नाही. कमी पडते ती ट्रकला मागे टाकताना, त्या सात-आठ सेकंदांत. तिथेही चूक बहुतेक वेळा आपलीच असते. या इंजिनाचा १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेऱ्यांवर) येतो. त्याच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, झोपलेला असतो. १५०० वर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून गाडीला शिव्या देण्यापेक्षा दुसरा टाकावा. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, “तू मला गाडी शिकवू नकोस.”

माझ्या गाडीत निघालं ते

नाशिकमध्ये सातपूरच्या एका मिस्त्रींकडे गाडी दिली. त्यांनी आधी स्कॅनर लावला नाही. मला रेस द्यायला सांगून ते बॉनेटमध्ये कान लावून उभे राहिले आणि इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजवर बोट ठेवलं. क्लिपजवळ चीर पडली होती. टर्बोने दाबलेली हवा निम्मी बाहेरच जात होती. सोबत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने भरलेला, एअर फिल्टर मातीने जड झालेला, आणि मागच्या डाव्या ड्रमचे लायनर चिकटलेले, म्हणजे एक चाक सतत थोडा ब्रेक लावूनच फिरत होतं. इंजेक्टरांचं, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांचं, करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) स्कॅनरवर बघितलं, त्यात एक बिघडलेला निघाला. नाशिककरांना इंजेक्टर काय असतो ते वेगळं सांगायला नको, बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात इथल्या कितीतरी घरांनी नोकऱ्या केल्या आहेत. तो एक इंजेक्टर दुरुस्त करून घेतला.

सगळं मिळून साडेसतरा हजार गेले. त्यात इंजेक्टर आणि टायमिंग चेनची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीची) तपासणी हेच मोठे खर्च. या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा पातळी उतरू दिली की ती ढिली पडते, आणि सकाळी स्टार्ट करताना खळखळ ऐकू येते. तुमच्या गाडीत हा आवाज येत असेल तर रिमॅपचा विषय तिथेच बंद करा.

पहिल्या दिवशी वणीच्या गडावर गेलो. नांदुरीपासूनच्या चढावर गाडी २०१४ साली ओढायची तशी ओढत होती. जास्त नाही. पण मला जास्त नकोच होतं, हे तेव्हा कळलं.

दादाच्या गाडीत झालं ते

रिमॅप म्हणजे ईसीयूमधल्या, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या, आकड्यांची फेरमांडणी. टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडे ठेवायचे, टॉर्कवर कंपनीने घातलेली मर्यादा वर सरकवायची. कंपनी हात राखून ठेवते, कारण तिला भेसळीचं डिझेल, मे महिन्यातलं मालेगाव आणि सर्व्हिसिंगला दांडी मारणारा मालक, सगळं धरून चालावं लागतं. रिमॅप करणारा याच राखलेल्या जागेतून ताकद काढतो. वीस-तीस हजारांच्या घरात काम होतं. त्याऐवजी वायरिंगमध्ये बसवायची चिप मिळते, ती रेल प्रेशरच्या (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरचं वाचन खोटं करून जास्त इंधन ओढवून घेते. ती स्वस्त पडते, पण मी कुणालाच सुचवणार नाही.

दादाला २४० एनएमचं आश्वासन मिळालं होतं. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजून दिलं नाही, त्यामुळे खरा आकडा देव जाणे. पण २४० खरे मानले तर २००० आरपीएमला ५४ ऐवजी ६८ पीएस होतात. हा फरक जाणवतो, यात वाद नाही. इगतपुरीच्या पुढे सरळ रस्त्यावर त्याने मला बाजूला बसवून चौथ्या गिअरमध्ये दाखवलं तेव्हा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

चार महिन्यांनी क्लच घसरायला लागला. आरपीएम वर जायचा आणि गाडी तिथेच. १९० एनएमसाठी बनवलेली आणि दीड लाख किलोमीटर झिजलेली प्लेट एवढा टॉर्क कशी धरणार? क्लचसेटला मजुरीसकट बारा हजार लागले. त्यानंतर होज फुटला. माझ्या गाडीत जो आधीच चिरला होता तोच, पण वाढीव दाबाने. पीयूसीला धूर जास्त निघाला म्हणून परत चक्कर. अॅव्हरेज वाढेल असं सांगितलं होतं. तो जपून चालवतो तेव्हा थोडं वाढतंही, पण तो जपून चालवतो कधी?

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रिमॅप बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण मोठा अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर क्लेम नाकारायला तिच्या हातात कारण येतं. घरची माणसं बसणारी गाडी असेल तर मी याला किरकोळ म्हणणार नाही.

शिवाय २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत पुन्हा तपासणी, पुढे पाच-पाच वर्षांची मुदत, वर पर्यावरण कर. त्या गाडीत आज तीस-चाळीस हजार घालायचे तर हा हिशेबही मांडा.

पेट्रोल गाडी असेल तर

थोडक्यात: नको. २०१२ च्या स्विफ्टचं १.२ पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त ११४ एनएम देतं, तेही ४००० आरपीएमला. टर्बो नाही, म्हणजे वाढवायला दाबच नाही. रिमॅपने पाच-दहा टक्के मिळाले तर नशीब. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे, इथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन पाचेक टक्के आधीच गमावून बसतं. रिमॅप करून तुम्ही जेमतेम कल्याणच्या गाडीची बरोबरी कराल. उघडा फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लावला तर आवाज वाढतो, आणि आवाजाला लोक पिकअप समजतात.

आणि तिसरी वाट

रिमॅप, क्लच, होज, शिवाय वाढलेल्या वेगाला शोभतील असे टायर आणि ब्रेक. शंभरऐवजी १२० वरून थांबायचं तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते, आणि मागे तर ड्रमच आहेत. दादाने ब्रेकला हात लावलेला नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. हे सगळं नीट केलं तर पाऊण लाखाच्या जवळ जातं. त्यात जुनी गाडी विकून आलेले पैसे घाला आणि २०१५ नंतरची फिगो १.५ डिझेल बघा: १०० पीएस, २१५ एनएम, कंपनीनेच दिलेले, त्याला साजेशा क्लच आणि ब्रेकसकट. फोर्डने २०२१ मध्ये इथल्या बाजारासाठी गाड्या बनवणं थांबवलं, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी आधी करा. १.६ डिझेल व्हर्ना १२८ पीएसची आहे, पण ती घेणारा माणूस वेगळा.

माझं मत विचाराल तर आधी होज, ईजीआर, ब्रेक, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा आणि दोन महिने गाडी चालवा. दहातल्या सात जणांची हौस तिथेच फिटेल, असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांची गाडी डिझेल असेल, ऑइल वेळेवर बदललेलं असेल आणि क्लच नवा असेल, तर सौम्य रिमॅप करायला हरकत नाही. तो डायनोवर आधी आणि नंतर मोजून देणाऱ्याकडेच करा. आणि ईसीयूमधली मूळ फाइल काढून तिची प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. दादाने ती घेतली नव्हती. आता त्याला गाडी पूर्ववत करायची आहे, आणि ज्याने रिमॅप केला तो फोन उचलत नाही.