आठ महिने फोटोशॉपची बॅच वापरल्यावर: फोंड्यातल्या एका स्टुडिओवाल्याचा अनुभव

तुळशीच्या लग्नानंतर फोंड्यात लग्नांचा हंगाम सुरू झाला, तेव्हा ठरवलं की यंदा एकेक फोटो हाताने लहान करत बसायचं नाही. एका लग्नाचे सातशे-आठशे फोटो, सगळ्यांना तोच रिसाइज आणि तोच कोपऱ्यातला लोगो. फोटोशॉपमध्ये ॲक्शन, म्हणजे एकदा रेकॉर्ड करून पुन्हा चालवता येणाऱ्या पायऱ्या, १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहेत; त्या अख्ख्या फोल्डरावर एकदम चालवणं म्हणजे बॅच. मी बारा वर्षं फोटोशॉप वापरून त्यांना हात लावला नव्हता, हे सांगायलाही लाज वाटते.

पहिलाच बार फुसका. रेकॉर्ड करताना 'सेव्ह ॲज'मध्ये 'ट्रायल' असं नाव टाइप केलं, डेस्टिनेशन (फोटो कुठे सेव्ह व्हायचे ते) 'नन'वरच राहिलं, आणि ६२० फोटो लावून जेवायला गेलो. हुमण-भात खाऊन परत आलो तर फोल्डरात फोटो एकच, ट्रायल! प्रत्येक फोटो आधीच्यावर सेव्ह होत गेलेला. मूळ फायली वेगळ्या होत्या म्हणून वाचलो. आता रेकॉर्ड करताना नावाला हात लावत नाही, डेस्टिनेशनला वेगळा फोल्डर देतो आणि 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स'ला टिक करतो, म्हणजे ॲक्शनमधल्या जागेऐवजी त्या फोल्डरात सेव्ह होतं. मात्र टिक केली तर ॲक्शनमध्ये सेव्ह ॲजची पायरी असावीच लागते, नाहीतर काहीच सेव्ह होत नाही.

दुसरा घोळ लोगोचा. माउसने ओढून तो उजव्या कोपऱ्यात नेला होता. फोटोशॉपला कोपरा कळत नाही. इतके पिक्सेल उजवीकडे, इतके खाली, एवढंच त्याने धरून ठेवलं. आडव्या फोटोंत ठीक, उभ्या फोटोंत लोगो चौकटीबाहेर. (नवरीच्या आईला नेमके तेच फोटो जास्त आवडले, ती गोष्ट वेगळी.) उपाय सोपा निघाला: आधी 'फिट इमेज'ने २०४८ बाय २०४८ च्या चौकटीत बसवायचं, म्हणजे आडवा असो वा उभा, लांब बाजू २०४८ होते. मग लोगो आणून 'सिलेक्ट ऑल', खालची आणि उजवी कड अलाइन, आणि शेवटी चाळीस पिक्सेल आत. कॅमेरा ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीवर असेल तर नेहमीच्या स्क्रीनच्या एसआरजीबीत बदलायची पायरीही घालाच. नाहीतर मोबाइलवर शालू फिका दिसतो आणि बोल आपल्याला लागतो.

रंगाचं काम मात्र बॅचवर सोडू नका. शिगम्याच्या मिरवणुकीला मी एकच कर्व्ह (उजेड-रंगाची दुरुस्ती) सगळ्यांना लावला. ऊन होतं तोवर छान. दिवे लागल्यावरच्या रोमटामेळात (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीत) गुलालाचे चेहरे पार वीटकरी. आता उजेड बदलला की वेगळा गठ्ठा, आणि रंग हातानेच.

एखादी फाइल खराब निघाली तर बॅच अडून राहते, म्हणून 'लॉग एरर्स टू फाइल' निवडतो, म्हणजे चूक नोंदवून ती पुढे जाते. पावसात वीज गेली तर मात्र इलाज नाही. पुन्हा लावली की पहिल्या फोटोपासून सुरुवात. म्हणून दोनशे-दोनशेचे फोल्डर करतो. यूपीएसची बॅटरी अजून बदलायची आहे.