बिल स्पॅममधे जाते? गिऱ्हाइकानं फिल्टर लावावा की आपण डोमेन (मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव) नीट करावं?
नागपूरच्या इतवारीतले व्यापारी आता बिलं मेलवर पाठवतात अन् ती गिऱ्हाइकाच्या स्पॅममधे पडून राहतात, जीमेल तर ३० दिवसांनी डिलीटच करून टाकते. गिऱ्हाइकाला फिल्टर, म्हणजे आपली मेल स्पॅममधे टाकू नको असा नियम, बनवायला सांगणं सोपं आहे, पण ते त्याच्याच इनबॉक्सपुरतं, प्रत्येकाला कुठवर सांगत बसणार? मला तर डोमेनच्या डीएनएसमधे (डोमेनच्या नोंदी असतात तिथं) एसपीएफ अन् डीकेआयएम या दोन नोंदी टाकणंच पटते. एसपीएफ सांगते कोणता सर्व्हर तुमच्या नावानं मेल पाठवू शकतो, डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करते, अन् फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर पाठवायचं तर यातलं एक तरी लागतेच. बिलिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून मेल टाकत असेल तर तो सर्व्हरही एसपीएफमधे पाहिजे, इथंच बऱ्याच जणांचं अडते.