अनुदानाचा चेक आला आणि ठेकेदार गेला

वादळात घर बुडालंय आणि दुरुस्तीसाठी सरकारी अनुदानाचं पत्र हातात पडलंय, अशा प्रत्येकासाठी हे लिहितेय. आमचे ५९ हजार डॉलर गेले. एवढी वर्षं घराबाहेर कुणाला धड सांगितलं नाही. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "काय, घर झालं का?" की "चाललंय" म्हणायचं आणि पानं वाढायला उठायचं. लाज वाटायची. नवरा हिशेबाच्या कामातला, मी रोज करारमदार वाचणाऱ्या ऑफिसात, आणि तरी आमच्या डोळ्यांदेखत हे झालं.

सँडी वादळ २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी न्यू जर्सीत ब्रिगंटीनजवळ किनाऱ्याला लागलं. कोजागिरीचे दिवस होते. मी अलिबागकडची, पौर्णिमेचं उधाण काय असतं ते लहानपणापासून बघितलेलं. पण मिडलसेक्स काउंटीत, खाडीचं पाणी रॅरिटन नदीतून उलटं चढून माझ्या स्वयंपाकघरात येईल, हे कधी मनातही आलं नव्हतं. ओट्याच्या वर वीतभर पाणी. ओसरलं तेव्हा भिंतीवर तेलकट रेघ राहिली. देव्हाऱ्यातला गाळ सासूबाईंनी चमच्याने काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पैसा कुठून येतो ते आधी सांगते, कारण फसवणूक त्याच फटीतून आत शिरते. फेमा या संघीय आपत्ती-मदत खात्याची थेट मदत त्या वर्षी एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३१,९०० डॉलर होती, आणि एवढी फार थोड्यांना मिळते. मग पुराचा विमा. त्यानंतर खूप उशिरा, म्हणजे मे २०१३ मध्ये, राज्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्याचं नाव आरआरईएम. घर पुन्हा बांधायला, दुरुस्तीला आणि उंच उचलायला १,५०,००० डॉलरपर्यंत अनुदान. निधी हड या संघीय गृहनिर्माण खात्याचा, वाटणारं राज्य. घर तुमच्या राहत्या पत्त्याचं हवं, फेमाकडे नोंद हवी, आणि विम्याचे मिळालेले पैसे यातून वजा होणार, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. हे सगळं रास्तच आहे. पण कागद जमवण्यात वर्ष जातं. आणि त्या वर्षात माणूस इतका थकतो की "मी बघतो सगळं" म्हणणारा कुणीही त्याला देवासारखा वाटतो.

आमचं नुकसान घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त ठरलं. तसं ठरलं की नियमाप्रमाणे घर पुराच्या पातळीच्या वर उचलावंच लागतं. जवळच्या सेअरव्हिलमध्ये कित्येकांनी ब्लू एकर्स योजनेत वादळापूर्वीच्या किमतीला घरं राज्याला विकून टाकली. तिथे आज नुसती हिरवळ आहे. आमच्याकडे मात्र सासूबाई म्हणाल्या, इथून हलायचं नाही. त्यांचा राग मला कधीच आला नाही, हेही इथे सांगून ठेवते.

कार्यक्रमात दोन वाटा होत्या. एकीत राज्याने नेमून दिलेला ठेकेदार, दुसरीत तुम्ही स्वतः निवडलेला. आम्ही दुसरी घेतली, कारण तिकडे काम लवकर सुरू होईल असं सगळे म्हणत होते. दोन गल्ल्या पलीकडे एक घर उचललेलं होतं. ते काम केलेला माणूस स्वतःच दारात आला. बोलायला फार मऊ. सासूबाईंच्या पाया पडला नाही एवढंच. ट्रकवर नोंदणी क्रमांक रंगवलेला, हातात जाड फाइल. "मी कार्यक्रमाचा मान्यताप्राप्त ठेकेदार आहे," असं त्याने निदान चारदा सांगितलं. माझ्या मनाने तेवढंच धरलं: सरकारी पैसा, सरकारी तपासणी, म्हणजे माणूसही सरकारने पारखलेलाच असणार. आमचं सगळं चुकलं ते इथे. आपण निवडलेल्या ठेकेदाराची जबाबदारी आपलीच असते. त्याच्याशी केलेल्या करारावर सही आपली, आणि अनुदानाच्या करारावरही आपलीच.

२०१४ च्या उन्हाळ्यात पहिला हप्ता आमच्या खात्यात आला, ५९ हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो हजर. त्याला कुणी सांगितलं, हे कोडं अजून सुटलं नाही. बहुधा आमच्याच उत्साहाने. म्हणाला, घर उचलणाऱ्यांच्या तारखा भरत चालल्यात, पोलादी तुळया आज बुक केल्या नाहीत तर वसंतापर्यंत थांबावं लागेल. नवऱ्याने विचारलं, टप्प्याटप्प्याने दिले तर? तो हसून म्हणाला, "मग मी दुसऱ्या घराकडे जातो, रांग मोठी आहे." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, देऊन टाक. पावतीवर त्याने एकच शब्द लिहिला: डिपॉझिट. कशाचं, किती कामाचं, काही नाही.

घर खरंच उचललं गेलं. जॅकचा तो करकरणारा आवाज, एकेक इंच वर जाणारी खिडकी, खाली लाकडी ठोकळ्यांचे आडवे-उभे रचलेले मनोरे. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर दहा महिने घर तसंच अधांतरी उभं होतं. खाली पाया नाही. तुटलेला सांडपाण्याचा पाइप हवेत लोंबत होता आणि वाऱ्यात टकटक वाजायचा. आधी त्याचे निरोप यायचे: परमिट अडकलंय, काँक्रीटवाला आजारी आहे. पुढे फोन लागेनासा झाला. एके दिवशी दारात एक अनोळखी माणूस उभा. तो खरा घर उचलणारा. त्याला एक डॉलर मिळाला नव्हता, आणि तुळयांचं भाडं महिन्यागणिक चढत होतं. पैसे द्या, नाहीतर घरावर बोजा चढवतो, म्हणाला. मी त्याच्याशी भांडलेसुद्धा. बिचारा तोही आमच्यासारखाच बुडालेला.

त्या रात्री पहिल्यांदा तो नोंदणी क्रमांक तपासला. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या ठेकेदाराचा क्रमांक १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो आणि राज्याच्या ग्राहक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. पाच मिनिटांचं काम. ट्रकवरचा क्रमांक भलत्याच नावावर होता, आणि तीही नोंदणी केव्हाच संपलेली. परमिटसाठी अर्ज झालाच नव्हता. नगरपालिकेत एक फोन केला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. वकिलाने सांगितलं, दावा जिंकाल, पण वसूल कुणाकडून करणार? आणि अनुदानाच्या करारात लिहिलेलं होतं की घर नियमाप्रमाणे पुरं झालं नाही तर रक्कम परत मागता येते. चोरी त्याने केली आणि हिशेब आम्हाला द्यायचा होता. त्या महिन्यात मी किती रात्री जागले, ते माझं मलाच ठाऊक.

पुढचं थोडक्यात. त्याच माणसाने फसवलेली आणखी चार घरं आम्ही शोधली आणि सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार केली. एकेकट्याने गेलो तेव्हा दिवाणी मामला होता. पाच फाइली एका टेबलावर आल्या तेव्हा चौकशी सुरू झाली. पैसे परत आले नाहीत. नातेवाइकांकडून उसने घेतले, माझ्या पाटल्या गेल्या, पाया आधी एका स्वयंसेवी गटाने आणि मग दुसऱ्या ठेकेदाराने पुरा केला. त्या दुसऱ्याला प्रत्येक टप्प्याची नगरपालिकेची तपासणी झाल्यावर, आणि हाताखालच्या लोकांना पैसे पोचल्याचं त्यांच्या सहीचं पत्र बघून मगच चेक दिला. त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं काम करणाऱ्याला वाटत नाही. २०१६ च्या दिवाळीत आम्ही घरात आलो. सासूबाई नव्हत्या.

हे आज लिहायचं कारण माझी मैत्रीण. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहते. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात तिच्या घरात पाणी शिरलं. आज तिचा फोन आला, आवाजात अगदी माझाच तो जुना उत्साह: ठेकेदार मिळालाय, फार सज्जन आहे, कार्यक्रमाचा मान्यताप्राप्त आहे, उद्या सकाळी येतोय, निम्मे आधी द्यायचेत. मी विचारलं, लायसन्स क्रमांक राज्याच्या साइटवर बघितलास? नाही. करारात कामाचे टप्पे आहेत? एक पान आहे म्हणाली. फ्लोरिडाच्या कायद्यात ठेकेदाराने एकूण रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतले तर त्याला ३० दिवसांत परमिटचा अर्ज करावा लागतो, हे त्याने सांगितलं? गप्प झाली. मग ते पान तिने मला फोनवर वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीत तोच शब्द होता, डिपॉझिट. मी तिला म्हटलं, चेकबुक कपाटात ठेव, किल्ली भावोजींकडे दे, आणि उद्या तो आला की फोन स्पीकरवर टाक. मी सुट्टी काढलीय.