दादरची पगारवाढीच्या बोलणीची कार्यशाळा

दादरमधील एका संस्थेने नोकरदार स्त्रियांसाठी घेतलेली पगारवाढीच्या बोलणीची कार्यशाळा अपेक्षेपेक्षा सकस निघाली. ‘बायका मागतच नाहीत’ हे नेहमीचे दूषण तिथे उगाळले गेले नाही; उलट लिंडा बॅबकॉक, हॅना रायली बोल्स आणि लेई लाई यांच्या 2007 मधील संशोधनाच्या आधारे, जास्त पगार मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करण्याची पुरुष परीक्षकांची तयारी तशीच मागणी करणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत अधिक घटते, हे प्रशिक्षक बाईंनी नेमकेपणाने समजावले. त्यामुळे सराव ठणकावून बोलण्याचा नव्हता, तर वर्षभराच्या कामाचा लेखी हिशेब साहेबांपुढे मांडण्याचा होता, आणि तो उत्तम झाला. शुल्क बरेच होते (त्यात घासाघीस चालणार नाही, अशी सूचना अर्जावरच होती!).

घरातील वाटाघाटींचे सत्र मात्र घाईत उरकले. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97, एवढे पडद्यावर दाखवून पुढे सरकण्याऐवजी, पाळणाघर बंद होण्याआधी विरार लोकल कोणी गाठायची हे घरोघरी कसे ठरते, यावर बोलायला हवे होते.