सातवीची शिकवणी : बाकावर बसून ऐकलेला ऑगस्ट

शिकवणीबद्दल नातवाने लिहायचं की आजोबांनी, असं सूनबाई मघाशी हसत म्हणाली. नातू लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितोय. शिवाय पूर्ण ऑगस्ट महिना मी तिथेच काढलाय. संध्याकाळी साडेपाचला त्याला सोडायचं नि साडेसातला आणायचं, मध्ये घरी येऊन परत चढण चढायची, हे माझ्या गुडघ्यांना परवडत नाही. तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसतो. दार उघडंच असतं, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

ठिकाण साताऱ्यातलं, एका जुन्या घराचा दुसरा मजला. नाव देत नाही, सरांना जाहिरात आवडत नाही. मुलं चौदा, सगळी सातवीची, बहुतेक सेमीची. सगळे विषय मिळून महिन्याला नऊशे रुपये. मी एसटीत कंडक्टर होतो, अर्धी नोकरी रत्नागिरीकडे गेली. हिशेब आणि गर्दी या दोन गोष्टींत मला फसवणं अवघड. खोली दहा मुलांची आहे, चौदांची नाही.

गणितात या महिन्यात पूर्णांकांचा गुणाकार झाला. नातू 'इंटीजर' म्हणतो, मी 'पूर्णांक' म्हणतो, दोघांचं उत्तर एकच येतं. सरांचं इथे मला पटलं नाही. एका मुलीने विचारलं, वजा गुणिले वजा अधिक का? सर म्हणाले, नियम आहे, पाठ करा, पुढे कळेल. पोरगी गप्प बसली. घरी जाताना नातवाने तेच मला विचारलं. म्हटलं, वाण्याकडे आपल्या नावावर चार-चार रुपयांच्या उधारीच्या तीन चिठ्ठ्या आहेत. त्याने त्या फाडून टाकल्या. आपण किती रुपयांनी वर आलो? म्हणाला, बारा. मग उणे तीन गुणिले उणे चार झालं की नाही! दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात हे सांगितलं आणि सरांनी फळ्यावर लिहूनही घेतलं. वाईट वाटून घेतलं नाही, ही जमेची बाजू.

विज्ञानात स्थितिक विद्युत. कंगवा केसांवर घासायचा, कागदाचे कपटे उडतात, हा प्रयोग. साताऱ्याचा ऑगस्ट, पंधरा दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, वर पोरांच्या डोक्याला तेल. चौदा कंगवे घासून झाले, एक कपटा हलला नाही. मला वाटलं, आता सर 'असं होतं असं समजा' म्हणून पुढे जाणार. पण नाही. हवेत ओल असली की प्रभार टिकत नाही, निघून जातो, हे त्यांनी आधी सांगितलं. मग घरातून इस्त्री आणली, कपटे आणि एक लोकरी मफलर गरम करून घेतला, प्लॅस्टिकची पट्टी पुसून त्या मफलरवर घासली. तीन-चार कपटे टुणकन पट्टीला चिकटले. पोरं अशी ओरडली की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. न झालेला प्रयोग का झाला नाही हे शिकवणारा मास्तर मी पहिल्यांदा पाहिला.

इतिहासात शिवपूर्वकाळातला महाराष्ट्र चालू आहे. मौजा, कसबा, परगणा, बलुतेदार, 1630 चा दुष्काळ. सर भरभर सांगतात, थोडं वाचून दाखवल्यासारखं होतं. अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो. महाराजांनी तो 1673 मध्ये घेतला. तो धडा येईल तेव्हा तरी पोरांना गच्चीवर न्यावं, असं मी सुचवलंय. कसबा शब्दावर मात्र मला राहवलं नाही. संगमेश्वराजवळच्या थांब्यावर 'कसबा, कसबा' ओरडून मी किती उतारू उतरवले असतील, पण कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव हे मला आता, निवृत्तीनंतर कळलं.

भूगोलाला भरती-ओहोटी लागली तेव्हा सरांनी मला आत बोलावलं. 'काका, तुम्ही कोकणात होतात ना?' चपला काढून आत गेलो. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला, भांगाची अष्टमीला, हे पोरांनी पाठ केलेलंच होतं. मी त्यांना खलाशांचा हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, नवाला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पाऊणकी म्हणजे काय, हे एकाही पोराला माहीत नव्हतं. ते पंधरा गुणिले तीन भागिले चार करत बसले. सरांनी लगेच धागा पकडला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, काकांच्या हिशेबात पंचेचाळीस धरली आहेत, तर पंधरा दिवसांत किती फरक पडेल? पोरांनी काढलं, पंचाहत्तर मिनिटं. 'आजोबा, तुमचा सव्वा तास चुकतो!' म्हटलं, बाळांनो, खलाशाला काही सव्वाअकराची गाडी पकडायची नसते. आणि अमावास्येला, पौर्णिमेला त्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मराठी-इंग्रजीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. व्याकरण घेतात, शुद्धलेखन तपासतात, लाल शाईत कंजुषी नाही.

तक्रारी सांगतो. रविवारी सकाळी आठला चाचणी ठेवतात, तीही शनिवारी रात्री दहाला मोबाइलवर कळवून. जिना अरुंद, दिवा नाही, पावसात चपलांचा ढीग पहिल्याच पायरीवर. मी एकदा घसरता घसरता वाचलो. शाळेत घटक चाचणी जवळ आली की शिकवणं थांबतं आणि नुसते प्रश्न-उत्तरं सुरू होतात. त्या आठवड्यात बाकावर बसायला मजा येत नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा जिन्यात दिवा लागला की देईन. नाव घालायचं असेल तर आधी एक दिवस मुलाला नुसतं बसवून बघा, सर त्याचे पैसे घेत नाहीत. आणि येताना पाण्याची बाटली द्या, माठ आहे पण पेला एकच. बाकाची डावी बाजू माझी आहे.