कर्णकर्कश शब्दांचा माग आणि शिकागोचा कोशसंग्रह

शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आपट्यांचा संस्कृत कोश आणि टर्नरचा इंडो-आर्य भाषांचा तौलनिक कोश विनामूल्य पाहता येतात. किंकाळी, चीत्कार, तारस्वर असे कानात घुसणाऱ्या आवाजांचे शब्द येथे शोधू लागले की या संग्रहाची ताकद आणि मर्यादा दोन्ही लवकर ध्यानात येतात, कारण त्यांतले काही शब्द संस्कृतातून आलेले आहेत, तर पुष्कळसे निव्वळ आवाजाच्या नकलेतून घडलेले आहेत.

'तारस्वराने ओरडणे' यातली तार ताणलेल्या तारेवरून आली असावी, असे सहज वाटते. आपट्यांचा कोश मात्र उंच, तीक्ष्ण स्वर या अर्थाचा 'तार' शब्द 'तॄ', म्हणजे तरून पलीकडे जाणे, या धातूकडे नेतो. मंद्र, मध्य, तार या सप्तकांतला तार तोच. 'कर्कश' शब्दाची कथाही रंजक आहे: संस्कृतात तो आधी हाताला लागणाऱ्या खरखरीत, कठीण वस्तूचे विशेषण आहे आणि तिथून तो कानापर्यंत पोहोचला. टर्नरकडे 'टिट्टिभ' पाहिल्यास आपल्या टिटवीचे नाव तिच्याच ओरडण्यातून आले, हे उमगते. एका शब्दासाठी तीन-चार कोश असे शेजारी उघडता येणे, हे या सेवेचे मोठे देणे आहे.

शीळ, शिट्टी, टिटवी, चिरका, पिपाणी या सगळ्यांत आरंभी इकार आहे आणि त्याला ध्वनिशास्त्रीय कारण आहे. 'ई' उच्चारताना जीभ पुढे उचलली जाऊन तोंडाच्या पुढच्या भागातली पोकळी लहान होते व साधारण २००० हर्ट्झच्या वरचे अनुनाद, म्हणजे पोकळीत घुमून बळावणारे उंच ध्वनी, ठळक होतात. 'ऊ'च्या वेळी खालून दुसरा अनुनाद बराच खाली, १००० हर्ट्झच्या आसपास राहतो. हा धागा वर्णक्रमाने लावलेला कोणताही कोश दाखवू शकत नाही, तो वाचकालाच विणावा लागतो.

संकेतस्थळाची मांडणी रूक्ष आहे आणि लांब नोंदी मोबाइलवर वाचताना डोळे शिणतात. मोल्सवर्थचे अर्थ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत असल्यामुळे कधी कधी त्या अर्थासाठीच दुसरा कोश उघडावा लागतो. इंग्रजीचा कंटाळा असेल त्यांनी सरळ दाते-कर्वे उघडावा, कारण तिथे अर्थ मराठीत असून जुन्या वाङ्मयातील अवतरणेही मिळतात. मात्र तोही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कोश असल्याने, कुकरच्या शिट्ट्यांवर डाळ शिजल्याचे मोजणारा आजचा स्वयंपाकघरातला अर्थ तिथे शोधण्यात हशील नाही.